किती देते?

नवी मोटारसायकल दाखवली की मराठी माणूस गाडीकडे पाहत नाही. तो मालकाकडे पाहतो आणि विचारतो, "किती देते?" ती पळते किती, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बहुधा तो येतच नाही. माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या कठड्यावर संध्याकाळी बसणारी पोरं याला मध्यमवर्गीय चिकटपणा म्हणतात. म्हणोत बापडी! त्यांना इतिहास ठाऊक नाही. मोटारसायकलच्या सर्वांत नामांकित शर्यतीचा पायाच मुळी या प्रश्नावर घातलेला आहे.

गोष्ट २८ मे १९०७ची. इंग्लंडात त्या वेळी ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि रस्त्यावर शर्यत लावायला बंदी होती. तेव्हा मंडळी उठून आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर गेली. तिथे 'टूरिस्ट ट्रॉफी'ची पहिली शर्यत झाली. गट दोन : एक सिलिंडरवाले आणि दोन सिलिंडरवाले. अट अशी, की एकवाल्याने गॅलनला ९० मैल आणि दोनवाल्याने ७५ मैल दिलेच पाहिजेत. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर. म्हणजे या शर्यतीचे हे आद्य वीर १५८ मैल जिवावर उदार होऊन धावले ते पेट्रोल मोजून! उद्देश चांगला होता. रोज वापरायची, सामान्य माणसाला परवडणारी गाडी शर्यतीत यावी आणि पैसेवाल्याचं राक्षसी इंजिन बाहेर राहावं.

पण नियम झाला की पळवाट जन्माला येते; दोघी जुळ्या बहिणीच. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेस गाडीवर पहिला आला. त्याच्या गाडीला सायकलसारखी पायडलं होती. चढ आला की गडी पाय मारी आणि पेट्रोल वाचवी. दुसऱ्या आलेल्या जॅक मार्शलच्या ट्रायम्फला पायडलं नव्हती. मग व्हायची ती कुरबूर झाली. पुढच्या वर्षी पायडलांवर बंदी आली आणि मार्शल पहिला आला. १९०९ साली पेट्रोलची अटही गेली आणि इंजिन किती घनसेंटिमीटरचं, म्हणजे किती 'सीसी'चं, यावर गट पडू लागले.

गट पाडणं आपल्याला काही नवं नाही. कुस्तीत वजनावर गट पडतात. सातारा-सांगलीकडे बैलगाडा शर्यतीत तर बैलाचे दात मोजतात आणि आदत, दुसा, चौसा असे गट लावतात. पण वजनकाट्यावर पहिलवान आणि तोंड उघडल्यावर बैल फार लबाडी करू शकत नाही. इंजिनाचं तसं नाही. सीसीची मर्यादा म्हणजे फीमाफीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला. मर्यादा लाखाची असली की सगळ्या गावाचं उत्पन्न नव्व्याण्णव हजार नऊशे! साडेतीनशेच्या गटातली आपली जुनी बुलेट ३४६ सीसीची आणि राजदूत ३४७ची, ती काय उगाच?

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३-३४च्या सुमारास, 'क्लास सी' नावाचा गट निघाला. गाडी दुकानात मिळते तीच हवी, स्वारानं ती स्वतःच्या मालकीची आणावी आणि सुरुवातीला तर ती चालवतच शर्यतीच्या मैदानापर्यंत यावं. हा नियम मला फार आवडतो. ज्या गाडीवर शर्यत करायची तिच्यावरच परत घरी जायचं आहे, हे ठाऊक असलं की माणूस जरा जपून पडतो.

उलट टोक पाहायचं तर १९६०च्या दशकातले जपानी पाहावेत. जागतिक स्पर्धेत १९६२ साली ५० सीसीचा गट आला. सगळ्यांत लहान इंजिन, तेव्हा सगळ्यांत स्वस्त, असं आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला वाटणार. होंडानं त्या ५० सीसीत दोन सिलिंडर बसवले. म्हणजे एका सिलिंडरमध्ये खोकल्याच्या औषधाची अडीच झाकणं! इंजिन मिनिटाला वीस हजारांवर फेरे घेई. सुझुकीनं तेवढ्याशा इंजिनाला चौदा गिअर दिले. आमच्या बसचा ड्रायव्हर चार गिअरांत घामाघूम होतो. होंडाचंच १२५ सीसीचं इंजिन पाच सिलिंडरचं आणि २५० सीसीचं सहा सिलिंडरचं. कुठल्या गॅरेजवाल्याने कर्ज काढून यांच्याशी स्पर्धा करायची? असल्या कर्जाचा अर्ज कुठलीही बँक चहा पिता पिता फेटाळील.

शेवटी नियम आला : १९६९पासून ५० सीसीला एकच सिलिंडर आणि सहाच गिअर; पुढच्या वर्षापासून १२५ आणि २५०ला दोनच सिलिंडर. होंडा आणि सुझुकी १९६७च्या अखेरीसच बाहेर पडल्या होत्या. शौकीन हळहळले. सहा सिलिंडरचा तो आवाज गेला, बुद्धीला वेसण घातली, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच १९६९ साली ५० सीसीचं जगज्जेतेपद स्पेनच्या डर्बी या लहान कारखान्याच्या गाडीवर आंखेल निएतो या पोरानं मिळवलं. माद्रिदच्या व्हायेकास या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढलेला पोरगा. पुढे त्यानं एकूण तेरा जगज्जेतेपदं घेतली. मात्र तेराचा आकडा अशुभ म्हणून तो 'बारा अधिक एक' म्हणे. सहा सिलिंडर गेले आणि एक निएतो आला. सौदा वाईट झाला असं म्हणवत नाही.

आपल्याकडे अशा नियमांचं काम बराच काळ परवाना-राजनंच केलं. गाड्या मोजून तीन : मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा (ती आणणारे इराणी आपल्या मुंबईचेच) आणि फरिदाबादची राजदूत. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. सगळ्यांच्या गाड्या सारख्याच जुनाट, त्यामुळे समता आपोआप. १९८३ साली यामाहाच्या तंत्राची राजदूत ३५० आली आणि समता संपली. शर्यतवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं, गिऱ्हाइकानं विचारलं, "किती देते?" कंपनीनं कमी ताकदीची निराळी आवृत्तीही काढून पाहिली, पण दशक सरता सरता गाडी गेली. तोवर सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी अशी चारही जपानी नावं १०० सीसीच्या गाड्या घेऊन दारात उभी होती.

आज राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीचा गट आहे, ३०१ ते ४०० सीसीचा आहे. शिवाय सगळ्यांना एकाच कंपनीची एकसारखी गाडी देणाऱ्या शर्यती आहेत. गरीब घरच्या पोराला या शेवटच्या फार सोयीच्या. गाडी विकत घ्यावी लागत नाही. पण मग किल्ली कंपनीच्या खिशात राहते आणि रात्र रात्र जागून इंजिन घासणारा मेकॅनिक घरी बसतो. गटाच्या नियमांत दर वेळी कुणीतरी आत येतो आणि कुणीतरी बाहेर जातो. भांडण सीसीचं नसतंच. आत कोण यायचं याचं असतं. शिवाय सीसी मोजता येतात. टायर, चामड्याचा पोशाख, मुंबईहून मद्रासपर्यंत गाडीचं पार्सल आणि पडल्यावरचा डॉक्टर, हे कुठल्या गटात धरायचं?

२०१२ साली मोटोजीपीत खाजगी संघांसाठी एक नामी युक्ती निघाली. त्यांचं इंजिन, गिअरबॉक्ससकट, २० हजार युरोला कारखान्याच्या संघाला मागता येई. लाखो खर्च करून इंजिन बनवा आणि तेवढ्या पैशात देऊन टाका! खर्च आवरायला याहून साधा उपाय कुठल्याही हिशेबतपासनिसाला सुचला नसता.

पण मला खरी आशा आहे ती आमच्या माटुंग्यातच. इथल्या व्हीजेटीआयची पोरं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी स्वतः चारचाकी रेसिंग गाडी बनवतात. तिथे पेट्रोल इंजिनाच्या नाकाला २० मिलिमीटरचं भोक ठेवतात. कितीही श्रीमंत इंजिन आणा, श्वास तेवढाच. आणि हजार गुणांपैकी शंभर गुण चक्क खर्चाच्या हिशेबाला! हा नट कितीचा, हा बोल्ट कितीचा, आणि एवढाच का लागला, हे परीक्षकांपुढे सांगावं लागतं.

पळणाऱ्याला मेडल देणारे पुष्कळ आहेत. पावत्या नीट लावल्याबद्दल शर्यतीत मार्क मिळतात, हे आम्हा कारकुनांना शंभर वर्षं आधी कळायला हवं होतं.