बायबलवाचन, कॅथलिक घरांतील

कॅथलिक समाजात बायबल दीर्घकाळ मुख्यतः मिस्सामध्ये ऐकले गेले. घरची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे बहुधा रोझरी. मराठी परंपरेत याला एक थोर अपवाद आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) बायबलची कथा ओव्यांतून सांगते आणि गोव्याच्या साष्टी भागातील चर्चमध्ये ते पुराणासारखेच वाचले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हर्बुम’ (१९६५) या दस्तऐवजाने सर्वच श्रद्धावंतांना नित्य वाचनाचा आग्रह केला. त्यासाठी सोपी भाषा हवी होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ती उणीव बरीच भरून काढली; या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.

घरगुती पद्धत साधी असते: त्या दिवसासाठी नेमलेला उतारा मोठ्याने वाचणे, थोडे मौन, मग प्रार्थना. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात मात्र भाषेचाच प्रश्न येतो. इथे मराठीबरोबर गोंडी, माडिया व बंगालीही बोलल्या जातात. केवळ मराठी प्रत सर्वांना पुरत नाही. हा जिल्हा सीरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात येतो.