बंदीपासून खरेदीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

राजकारणी आणि वृत्तपत्रे यांचे संबंध बिघडले आहेत, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की पूर्वी सारे ठीक होते आणि अलीकडेच कुठेतरी गाडी घसरली. आपल्या मराठवाड्याचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. सत्ता आणि वृत्तपत्र यांची ओढाताण इथे पहिल्यापासून आहे. बदलली ती तिची तऱ्हा. आधी सत्तेने वृत्तपत्रावर बंदी घातली. मग जाहिरातीची तोटी तिने आपल्या हाती घेतली. आणि शेवटी बातमीची जागाच विकत मिळू लागली. या तिन्ही टप्प्यांत वाचकाचे काय झाले, ते आज पाहू या.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे एकूण १६ जिल्हे. त्यांत आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कन्नड मुलखाचे. राज्यकारभाराची भाषा उर्दू. सभा भरवायची तर परवानगी लागे. त्यासाठीचे ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक जुन्या पिढीच्या चांगलेच लक्षात होते. अशा वातावरणात १९२० च्या सुमारास लक्ष्मणराव फाटकांनी हैदराबादेत मराठी साप्ताहिक काढले, त्याचे नाव होते ‘निजाम विजय’. हे नाव वाचून आज कुणी नाक मुरडू नये. राजाच्या नावाच्या आडोशाला उभे राहूनच तेव्हा चार शब्द मराठीत छापता येत होते.

१९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण १९८१ पर्यंत तो परभणीचाच तालुका होता. मराठवाड्यातील जागृतीला तिथून संघटित रूप आले. संघटना उभी राहिली की तिला आवाज लागतो, आणि तो आवाज संस्थानात राहून काढणे शक्य नव्हते. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक पुण्यात सुरू केले. पुणे ब्रिटिश हद्दीत होते, तिथे निजामाचा हुकूम चालत नव्हता. निजाम सरकारने मग अंक संस्थानात येण्यावरच बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून तेच साप्ताहिक पुन्हा काढले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नवे नाव आले. नाव कोणतेही असो, हे आपलेच पत्र, हे वाचकाला ठाऊक असे.

या काळातले सर्वांत वेदनादायक प्रकरण मात्र मराठी पत्राचे नाही. शोएबउल्ला खान हे हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. वय तिशीच्याही आतले. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले आणि रझाकारांच्या अत्याचारांवर टीका केली. या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना शोएबउल्लांवर हल्ला झाला. त्यांचा हात तोडण्यात आला आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिनाभराच्या आतच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाची राजवट शरण आली. हैदराबादचा मुक्तिसंग्राम हा दोन धर्मांतला झगडा होता असे समजणाऱ्यांनी या मुसलमान संपादकाचे बलिदान विसरू नये.

बंदी ही क्रूर गोष्ट असते यात शंका नाही. पण बंदीत एक गोष्ट स्वच्छ असते. ज्या पत्रावर बंदी आली त्यात सत्तेला नको असलेले काहीतरी आहे, हे वाचकाला लगेच कळते. त्यामुळे पत्राची किंमत कमी होत नाही, वाढते. निजामाने ‘मराठवाडा’चे अंक अडवले, पण वाचकाचा विश्वास त्याला अडवता आला नाही.

इथे एक शंका येईल. पुढाऱ्यांनी पत्रे चालवणे हीच मुळात चूक नव्हे काय? तसे म्हणता येणार नाही. ‘केसरी’ १८८१ साली निघाला आणि पुढे तो टिळकांचे पत्र म्हणूनच ओळखला गेला. आगरकरांचे सामाजिक सुधारणेवरून मतभेद झाले, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केला. ही सगळी पत्रे बाजू घेणारी होती आणि कोणती बाजू, ते उघड सांगणारी होती. वाचक अंक हाती घेतानाच हे जाणत असे. अलीकडच्या काळात १९८८ मध्ये निघालेला ‘सामना’ शिवसेनेचे मुखपत्र म्हणून निघाला आणि तसाच वाचला गेला. बाजू असण्यात फसवणूक नाही. बाजू लपवण्यात आहे.

आता दुसरा टप्पा. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. योगायोग असा की मराठवाड्याला पहिल्यांदाच मुख्यमंत्रिपद मिळाले ते याच वर्षी. नांदेडचे शंकरराव चव्हाण फेब्रुवारी १९७५ मध्ये मुख्यमंत्री झाले होते. ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांनी निजामाच्या विरोधात लढा दिला होता. स्वतंत्र भारतात त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. मुंबईत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. असे लढणारे थोडे होते. पुष्कळांनी सांगितले त्याहून अधिक वाकून दाखवले.

आणीबाणीचा सेन्सॉर सर्वांना आठवतो. त्याच काळातली दुसरी गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली आणि शहा आयोगाचीही चौकशी झाली. त्यातून उघड झाले की केंद्र सरकारने वृत्तपत्रांची वर्गवारी केली होती. मित्र कोण, शत्रू कोण आणि तटस्थ कोण, अशा याद्या होत्या. सरकारी जाहिराती त्या यादीनुसार दिल्या किंवा थांबवल्या जात. सेन्सॉर १९७७ मध्ये गेला. पण जाहिरातीच्या तोटीने पत्राला वठणीवर आणता येते हा धडा मागे उरला. तो धडा कोणत्या एका पक्षाने शिकला असे नाही, सर्वांनीच शिकून घेतला. बंदीचा बोभाटा होतो. जाहिरात थांबली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

तिसरा टप्पा आपल्या शेजारीच घडला. १३ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी निवडणुकीनंतर ‘द हिंदू’ दैनिकात दाखवून दिले की एकमेकांची स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत चव्हाणांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. स्तुतीची डझनावारी पाने निघाली होती आणि त्यांवर ‘जाहिरात’ हा शब्द नव्हता. उमेदवाराने निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

चव्हाणांविरुद्ध लढलेले माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आपण कोणत्याही मजकुरासाठी पैसे दिलेले नाहीत, असे चव्हाणांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हिशेबाच्या खरेखोटेपणाची चौकशी आयोग करू शकतो, असे त्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. जुलैत आयोगाने चव्हाणांचा हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचा निष्कर्ष काढला, पण सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावर ठपका उरला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही वाचकाचा प्रश्न उरतोच. एकच मजकूर तीन घरांतून अक्षर न् अक्षर सारखा कसा निघाला?

हा प्रकार एका जिल्ह्यापुरता किंवा एका पक्षापुरता नव्हता. भारतीय प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी हे ते सदस्य. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने मात्र नावे गाळून छोटा अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला २०११ साल उजाडले आणि तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना, मोबदला देऊन छापलेल्या बातमीचा खर्च दडवला म्हणून, निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. देशातली ही अशी पहिली कारवाई.

आता हे जिल्ह्याच्या ठिकाणी का घडते, ते समजून घेऊ. अंकाची किंमत छपाईच्या खर्चालाही पुरत नाही. उरलेला खर्च जाहिरातीतून निघतो. मुंबई-पुण्यात जाहिरात देणारे पुष्कळ असतात. लहान जिल्ह्यात मोठे कारखाने नाहीत, मोठी बाजारपेठ नाही. तिथे जाहिरात येते ती सरकारी कचेऱ्या, साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षणसंस्था आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांतून. यांतल्या बहुतेकांच्या मागे कुणी ना कुणी पुढारी असतो. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन थोडे आणि जाहिरात आणली तर कमिशन. ज्याच्याविषयी बातमी लिहायची त्याच्याच दारात त्याने जाहिरात मागायला जायचे, अशी ही व्यवस्था आहे. निवडणुकीत तिलाच ‘पॅकेज’ म्हणतात. अशा वार्ताहराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला त्या दारात उभे करणारा मालक आणि पैसे मोजणारा उमेदवार, दोघेही त्यात आहेत.

यात नुकसान कुणाचे? वरवर पाहता कुणाचेच नाही. पुढाऱ्याला प्रसिद्धी मिळते, पत्राला पैसा मिळतो. नुकसान होते ते न छापलेल्या बातमीचे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शेवटच्या गावापर्यंत का पोहोचले नाही, पीकविम्याचे पैसे कुठे अडले, जिल्हा रुग्णालयात औषध का नाही, हे प्रश्न ज्या पानावर यायचे त्या पानावर सत्काराचे छायाचित्र येते. सोयाबीन किंवा कापूस हातचा गेलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी आपल्या नावाने बोलणारे कुणी राहत नाही.

उपाय काय? कायदे थोडेफार आहेत. निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती बसते. संशयास्पद मजकुराचा खर्च ती उमेदवाराच्या हिशेबात धरायला लावू शकते. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २००९ मध्ये दहा लाख होती, ती २०२२ पासून ४० लाख आहे. प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला समज देऊ शकते, शिक्षा करू शकत नाही. व्यवहार रोखीत होतो आणि त्याची पावती नसते, म्हणून पुरावा सापडत नाही. तेव्हा मोठी भिस्त वाचकावरच येते.

वाचकाने काही साध्या गोष्टी कराव्यात. निवडणुकीच्या दिवसांत दोन वेगवेगळी पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. ज्या बातमीत एकही प्रश्न नाही, विरोधी बाजू नाही आणि लिहिणाऱ्याचे नाव नाही, ती बातमी आहे का, हे स्वतःला विचारावे. शंका आली तर कात्रण जोडून निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. आणि जे पत्र गैरसोयीची बातमी छापते, ते पैसे देऊन विकत घ्यावे. शेजाऱ्याचा अंक मागून वाचल्याने त्या पत्राचे घर चालत नाही.

निजामाच्या काळात बंदी घातलेला अंक वाचणे हाच धोका होता आणि तो धोका सामान्य माणसांनी पत्करला, कारण आत छापलेले आपल्यासाठी आहे याची त्यांना खात्री होती. आज अंक घरपोच येतो, सकाळच्या चहाबरोबर येतो, वाचायला कुणाची भीती नाही. फक्त तो कुणासाठी छापला आहे, हे आपल्याला विचारावे लागते. हा प्रश्न विचारणारे वाचक जिल्ह्यात जितके वाढतील, तितके बातमीची जागा विकणे पुढाऱ्याला आणि मालकालाही महाग पडेल.