कचेरी सुटल्यानंतरची शाळा

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ मध्ये याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. समुद्राच्या निळाईपासून स्टॉकहोमपर्यंतची ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील मात्र आपण घाईने ओलांडून जातो. १९०७ साली रामन कलकत्त्याला आले ते प्राध्यापक म्हणून नव्हे, तर वित्त खात्यातील अधिकारी म्हणून. वय अठरा वर्षे. पुढची दहा वर्षे त्यांनी सरकारी हिशेब तपासले आणि भौतिकशास्त्र केले ते कचेरी उघडण्यापूर्वी नि कचेरी सुटल्यानंतर.

हे त्यांना शक्य झाले, कारण शहरात एक दार संध्याकाळी उघडे होते. त्या दाराविषयी, आणि नोकरी करता करता शिकू पाहणाऱ्या भारतीय अभियंत्यांसाठी पुढच्या शतकभरात उघडलेल्या व मिटलेल्या इतर दारांविषयी, आज लिहावेसे वाटते.

बहूबाजार रस्त्यावरील त्या वास्तूचे नाव ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. स्थापना १८७६. संस्थापक महेंद्रलाल सरकार हे पेशाने वैद्य. पाश्चात्य वैद्यकाची सर्वोच्च पदवी मिळवून पुढे होमिओपॅथीकडे वळलेला हा मनस्वी माणूस. भारतीयांनी चालवलेली, भारतीयांच्या पैशाने उभी राहिलेली विज्ञानसंस्था हवी, असे त्यांनी १८६९ मध्ये लिहिले आणि त्यानंतर सात वर्षे वर्गणी गोळा करण्यात घालवली. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे अध्यापक फादर यूजीन लाफों. लाफों यांची प्रयोगांसहित व्याख्याने हे त्या काळच्या कलकत्त्यातील एक आकर्षण होते. प्रकाश, ध्वनी, विद्युत हे सारे विषय श्रोत्यांना फळ्यावर नव्हे, तर उपकरणांतून दिसत. त्यांचे महाविद्यालयातील एक विद्यार्थी म्हणजे जगदीशचंद्र बोस. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बोस यांनी अदृश्य विद्युतलहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. लाफोंच्या व्याख्यानांचाच वारसा त्या प्रात्यक्षिकात होता.

येथे काळाकडे जरा लक्ष द्यावे. भारतातील पहिले जलविद्युत केंद्र दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये सुरू झाले. कलकत्त्याला सार्वजनिक वीजपुरवठा मिळाला १८९९ मध्ये. म्हणजे शहरात विजेच्या तारा पोहोचण्याच्या वीस वर्षे आधी विजेवरील व्याख्याने पोहोचली होती. ऐकायला येणारे सगळेच विद्यार्थी नव्हते. दिवसभराचे काम आटोपून येणारेही त्यांत होते. विद्युतविद्या आपल्याकडे महाविद्यालयाच्या फाटकातून आली, तशीच ती या संध्याकाळच्या दारातूनही आली.

महेंद्रलाल मात्र समाधानाने गेले नाहीत. व्याख्याने झाली, पण स्वतंत्र संशोधन करणारे पूर्णवेळ अध्यापक नेमण्याइतका निधी कधीच जमला नाही. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आपला प्रयत्न फसला अशीच त्यांची भावना होती. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी एका तरुण हिशेबनिसाने त्या इमारतीचे दार ठोठावले. मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या, तो काळ वगळता १९१७ पर्यंत रामन यांचा दिनक्रम बदलला नाही. मग ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले, तरी प्रयोग त्याच वास्तूत चालू राहिले. महेंद्रलालांनी पाहिले नाही ते फळ त्यांच्याच वास्तूत पिकले. संस्थेचे यश वार्षिक अहवालावरून मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रामन भौतिकीचे. विद्युत अभियंत्याची गरज थोडी निराळी असते, आणि ती दक्षिणेत आधी उघड झाली. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवसमुद्रम येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. अंतर सुमारे १४७ किलोमीटर. त्या काळी जगातील सर्वांत लांब वाहिन्यांमध्ये तिची गणना होई. यंत्रे परदेशातून आली. पण यंत्र विकत घेता येते; ते चालू ठेवणारे हात आणि डोकी बोटीतून उतरवून घेता येत नाहीत. १९०५ मध्ये बंगळूर शहराला वीज मिळाली आणि १९११ मध्ये जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून साकारलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन सुरू झाले, तेव्हा अगदी पहिल्या विभागांत रसायनशास्त्राच्या जोडीला विद्युत तंत्रविद्येचा विभाग होता. ॲल्फ्रेड हे त्याचे पहिले प्राध्यापक. विभागांच्या या यादीकडे मी नेहमी कुतूहलाने पाहतो. भौतिकशास्त्राचा विभाग त्या संस्थेत १९३३ मध्ये, रामन तेथे गेल्यावर सुरू झाला. विद्युत तंत्रविद्या त्याच्या दोन दशके आधी. गरज पुढे चालते आणि शास्त्र मागून येते, असेही इतिहासात घडते.

परंतु बंगळूरच्या वसतिगृहात राहून शिकणे कितीजणांना शक्य होते? रेल्वेच्या कारखान्यातील, वीज कंपनीतील, बंदरावरील माणसाला पगार सोडून जाता येत नव्हते. त्याच्यासाठी तिसरे दार उघडले. १९२० मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही संस्था स्थापन झाली आणि १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. मुख्यालय कलकत्त्यात, पण काम चाले ते गावोगावच्या केंद्रांतून. तेथे व्याख्याने होत, निबंध वाचले जात, एखाद्या नव्या धरणाला किंवा उपकेंद्राला भेट आखली जाई. तरुण सहायक अभियंता आणि निवृत्तीला आलेला मुख्य अभियंता एकाच बाकावर बसत. कचेरीत जो प्रश्न वरिष्ठांना विचारण्याची हिंमत होत नसे, तो तेथे चहाच्या कपासोबत विचारता येई.

याच संस्थेची परीक्षा म्हणजे ए.एम.आय.ई. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग आणि वर्षातून दोनदा परीक्षा. वर्ग नाही, हजेरी नाही. पुस्तके आपली आपण मिळवायची, अभ्यास आपला आपण करायचा. उत्तीर्ण झालेल्यास शासकीय नोकरीसाठी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाई. पदविका घेऊन विसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या माणसाच्या आयुष्यात या एका वाक्याचे मोल काय होते, हे ज्या घरात पहाटे चारचा दिवा लागत असे त्या घरातल्यांनाच कळेल. पाळी संपवून येऊन रोहित्रांची गणिते सोडवणारी माणसे या देशाच्या प्रत्येक वीजकेंद्रात होती. त्यांतली कित्येक मध्येच थकली. जी टिकली, ती पुढे कनिष्ठ अभियंत्याच्या खुर्चीतून उठून वरच्या खुर्चीत बसली.

स्वातंत्र्यानंतर वीजव्यवस्था वेगाने वाढली आणि हौशीवर, स्वयंअध्ययनावर सारे सोडणे धोक्याचे ठरू लागले. बाष्पकाचा दाब आणि झोतयंत्राची गती सांभाळणारा माणूस चुकत चुकत शिकू शकत नाही. १९६५ मध्ये तमिळनाडूतील नेवेली येथे औष्णिक वीजकेंद्रांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मग दुर्गापूर, बदरपूर आणि आपले नागपूर. आज या साऱ्या ‘राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठान’ या छत्राखाली आहेत. येथे प्रथमच, शिकणे ही कर्मचाऱ्याची खासगी हौस नसून व्यवस्थेची जबाबदारी आहे, असे मान्य झाले.

त्याच दशकात कानपूरला एक वेगळाच प्रयोग चालू होता. १९६३ मध्ये तेथील नव्या आय.आय.टी.त आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. संस्थेने तो केवळ आपल्या विद्यार्थ्यांपुरता ठेवला नाही. देशभरातील शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्यासाठी तेथे थोड्या दिवसांचे सघन अभ्यासक्रम घेतले गेले. माणसे रेल्वेने येत, छिद्रित पत्त्यांवर फोरट्रान लिहीत, आपल्याच कामातले गणित यंत्राकडून सोडवून घेत आणि परत जात. विद्युत अभियांत्रिकी विभागातील तरुण अध्यापक वैद्येश्वरन राजारामन हे शिकवणाऱ्यांत होते. विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत पुढे १९६९ मध्ये निघालेले त्यांचे संगणक आज्ञावलीवरील पुस्तक ज्यांना कानपूर गाठता आले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचले. महेंद्रलालांच्या सभागृहाची ही नवी आवृत्तीच होती: उपकरण मध्यभागी आणि भोवती दुसऱ्या गावांहून आलेली, दुसऱ्या नोकऱ्या असलेली माणसे.

हे सारे कशासाठी लागते, याचे उत्तर २०१२ च्या जुलैमध्ये देशाला मिळाले. ३० जुलैच्या पहाटे उत्तरेचे विद्युतजाल कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाले कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली. चौकशीत पुढे आलेले आरंभीचे कारण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारे आहे. बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत खरे तर कोणताही बिघड नव्हता. तिचे रक्षण करणारा रिले विद्युतदाब आणि प्रवाह यांचा भागाकार करतो. कोठे तार तुटून जमिनीला टेकली की प्रवाह वाढतो, दाब घटतो आणि भागाकार लहान होतो. त्यावरून दोष किती दूर आहे, हे त्याला कळते. त्या दिवशी वाहिनीवर भार प्रचंड होता आणि दाब उतरलेला होता. भागाकार लहान झाला. रिलेने भाराला दोष समजून वाहिनी तोडली. मग तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला आणि ओळीने मांडलेल्या पत्त्यांसारखे सगळे पडत गेले.

हा भागाकार सातवीतल्या मुलालाही येतो. पण रिलेची सीमा कोठे आखावी, भार आणि दोष यांतला फरक त्याला कसा शिकवावा, हे पदवीच्या परीक्षेत पुरतेपणी येत नाही. जाल बदलते, भार बदलतो, आता सौर आणि पवन ऊर्जेमुळे दोषप्रवाहाचे स्वरूपही बदलते आहे. जो अभियंता १९९५ च्या ज्ञानावर २०३० पर्यंत नोकरी करील, त्याच्या चुकीची किंमत त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

आता दारांची आजची स्थिती पाहू. एक मोठे दार उघडले आहे. २००३ मध्ये आय.आय.टी. आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम सुरू केला आणि २०१४ पासून त्यात परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळते. विद्युतयंत्रे, शक्ती इलेक्ट्रॉनिकी, संरक्षण प्रणाली या विषयांवर देशातील उत्तम अध्यापकांची व्याख्याने उपकेंद्राच्या नियंत्रणकक्षात बसून ऐकता येतात, तीही विनामूल्य. लाफोंच्या सभागृहात काहीशे माणसे मावत. या सभागृहाला भिंतीच नाहीत.

आणि एक जुने दार अर्धे मिटले आहे. ए.एम.आय.ई.ची पदवीशी असलेली समकक्षता केंद्र शासनाने ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित केली. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता अभियंता कसा घडेल, हा आक्षेप खोटा नव्हे. मी स्वतः प्रयोगशाळेतला माणूस असल्याने तो मला कळतो. पण पहाटे चारचा दिवा लावणाऱ्यासाठी त्याच्या जागी तितक्याच तोलाचे, तितकेच स्वस्त आणि घरापासून तितकेच जवळचे दुसरे काय उभे राहिले, या प्रश्नाचे उत्तरही कोणीतरी दिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी अभियंत्यांच्या रविवारच्या कार्यशाळेत मी बोलायला गेलो होतो. विषय माझा, चुंबकीय पदार्थांचा. शेवटी मागच्या रांगेतील एका मध्यमवयीन गृहस्थांनी विचारले, “साहेब, आमच्या रोहित्राचा गाभा थंडीच्या दिवसांत जास्त का घुमतो?” मला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही दोघे फळ्यापाशी गेलो. रात्री भार कमी झाला की दाब चढतो आणि गाभा संपृक्ततेकडे सरकतो, इथपर्यंत ते स्वतःच येऊन पोहोचले. त्यांनी वीस वर्षे तो आवाज ऐकला होता आणि मी वीस वर्षे त्याची समीकरणे लिहिली होती. पडद्यावरील व्याख्यानात ही भेट झाली नसती.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ध्वनिचित्रफिती हव्यातच, पण त्यांच्या जोडीला गावात एक खोली हवी, तिथे एक फळा, एखादा जुना रिले, चार प्रश्न आणि आठवड्यातली एक संध्याकाळ हवी. आपल्या शहरात अभियंत्यांचे एखादे स्थानिक केंद्र असेल, तर एकदा तेथे डोकावून पाहा; महाविद्यालयात शिकवत असाल, तर महिन्यातून एकदा आपल्या प्रयोगशाळेचे दार सहानंतरही उघडे ठेवा. महेंद्रलाल सरकारांना आपल्या दारातून कोण येणार आहे, हे ठाऊक नव्हते. त्यांनी दार उघडे ठेवले, एवढेच.