डेटाबेस सर्व्हरचं कनेक्शन एनक्रिप्टेड कसं करायचं? पोस्टग्रेसक्यूएल आणि टीएलएसची सोपी माहिती



सांगलीला लागून असलेल्या माधवनगरमध्ये माझ्या मामांचे यंत्रमाग आहेत. कामगारांची हजेरी, विणलेले ताके आणि आठवड्याचा पगार यांचा हिशेब ठेवायला मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ऑफिसमधल्या उबंटू कॉम्प्युटरवर पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस आणि शेडमधल्या लॅपटॉपवर माझा प्रोग्रॅम, दोन्ही एकाच वायफायवर.

मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा सहज म्हणून सर्व्हरवर वायरशार्क चालू केलं. नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर. स्क्रीनवर कामगारांची नावं, मोबाइल नंबर, बँकेचे खाते नंबर, सगळं साध्या अक्षरांत सरकत होतं. त्या वायफायचा पासवर्ड ड्रायव्हरपासून शेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांकडे. मामा म्हणाले, "आरं, मग इतकी वर्षं सगळं उघडंच फिरत होतं व्हय?"

होय, फिरत होतं. गंमत म्हणजे सर्व्हरवर एनक्रिप्शन पहिल्या दिवसापासून चालू होतं! मग चुकलं कुठे, तेच आज समजून घेऊया.

टीएलएस म्हणजे काय?

टीएलएस दोन कामं करतं. एक, मधल्या माणसाला वाचता येणार नाही असा डेटा करतं. दोन, समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे का, हे सर्टिफिकेटवरून तपासतं. याचं जुनं नाव एसएसएल. टीएलएस 1.0 आलं 1999 मध्ये, 1.2 आलं 2008 मध्ये आणि 1.3 आलं 2018 मध्ये. 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या 2021 मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. तरी सेटिंगमध्ये आजही 'एसएसएल' हेच नाव दिसतं, त्यामुळे गोंधळू नका.

सर्व्हरवर चालू, तरी डेटा उघडा का?

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये सुरुवात क्लायंट करतो. तो आधी विचारतो, "एनक्रिप्शन करायचं का?" सर्व्हर एका अक्षरात उत्तर देतो: 'एस' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही. पण क्लायंटने विचारलंच नाही, तर सर्व्हर आपणहून सक्ती करत नाही. माझ्या प्रोग्रॅममधल्या जुन्या ड्रायव्हरमध्ये एसएसएल 'बंद' हेच डीफॉल्ट होतं, आणि मी ते कधी तपासलं नाही. विचारलंच नाही, म्हणून मिळालंच नाही.

म्हणजे तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत: एनक्रिप्शन चालू असणं, ते सक्तीचं असणं आणि सर्व्हरची ओळख पटवणं. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात. मीही थांबलो होतो.

(सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देतोय. फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची.)

पायरी 1: सर्टिफिकेट आणि चालू करणं

'पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये 'एसएसएल' ऑन करा. खाली सर्टिफिकेटची आणि खासगी कीची जागा द्या. उबंटूच्या पॅकेजमध्ये हे आधीच केलेलं असतं, पण तिथलं 'स्नेकऑइल' नावाचं सर्टिफिकेट फक्त तात्पुरतं असतं. ओळख पटवायला ते उपयोगाचं नाही.

घरच्या किंवा कारखान्याच्या नेटवर्कसाठी ओपनएसएसएल वापरून स्वतःचं छोटं सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सीए, बनवता येतं. त्या सीएची सही असलेलं सर्टिफिकेट सर्व्हरला द्यायचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा:

• सर्व्हरच्या खासगी कीची परवानगी 600 ठेवा आणि मालकी पोस्टग्रेस युजरची. की इतरांना वाचता येत असेल तर सर्व्हर ती स्वीकारत नाही.
• सीएची स्वतःची की सर्व्हरवर ठेवू नका. मी ती पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली.

आवृत्ती 10 पासून हे बदल नुसत्या रीलोडने लागू होतात, रीस्टार्ट लागत नाही. आवृत्ती 13 पासून टीएलएस 1.2 पेक्षा जुनं कनेक्शन डीफॉल्टनेच नाकारलं जातं.

पायरी 2: सक्ती करणं

कुणी, कुठून, कसं जोडायचं याचे नियम 'पीजी एचबीए डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये असतात. तिथे ओळीच्या सुरुवातीला 'होस्ट' असेल तर साधं आणि एनक्रिप्टेड दोन्ही चालतं. 'होस्टएसएसएल' असेल तर फक्त एनक्रिप्टेड.

इथे हमखास एक चूक होते. लोक वर नवीन 'होस्टएसएसएल' ओळ घालतात आणि खालची जुनी 'होस्ट' ओळ तशीच ठेवतात. साधं कनेक्शन वरची ओळ सोडून खालच्या ओळीतून आरामात आत येतं. म्हणून जुनी ओळ बदला किंवा काढून टाका. त्याच ओळीत पासवर्डची पद्धत 'स्क्रॅम-शा-256' आहे ना, तेही बघा. शेवटी रीलोड करा.

पायरी 3: ओळख पटवणं

पाकीट घट्ट चिकटवलं, पण दिलं भलत्याच माणसाच्या हातात, तर चिकटवून उपयोग काय? क्लायंटमधलं 'एसएसएलमोड' हे सेटिंग इथे महत्त्वाचं:

• डिसेबल: एनक्रिप्शन नाहीच.
• अलाउ: आधी साधं, सर्व्हरने नाकारलं तरच एनक्रिप्टेड.
• प्रीफर: जमलं तर एनक्रिप्टेड, नाही तर साधं. पोस्टग्रेसक्यूएलच्या स्वतःच्या लायब्ररीत हेच डीफॉल्ट आहे.
• रिक्वायर: एनक्रिप्शन हवंच, पण समोर कोण आहे याची खात्री करेलच असं नाही.
• व्हेरिफाय-सीए: सर्टिफिकेटवर आपल्या सीएची सही आहे का ते तपासतो.
• व्हेरिफाय-फुल: सही तपासतो, शिवाय सर्व्हरचं नाव जुळतं का तेही.

'प्रीफर'मधला धोका बघा. मध्ये बसलेल्या कुणी सर्व्हर असल्याचं भासवून 'एन' असं उत्तर दिलं, की क्लायंट निमूटपणे साध्या कनेक्शनवर येतो. म्हणून 'व्हेरिफाय-फुल' वापरा. त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट (की नव्हे!) प्रत्येक क्लायंटवर ठेवावं लागतं. राउटर आयपी बदलत राहतो, म्हणून सर्टिफिकेटमध्ये आणि कनेक्शनमध्ये सर्व्हरचं एकच ठरलेलं नाव वापरा.

झालं का, ते कसं तपासायचं?

सर्व्हरवर 'पीजी स्टॅट एसएसएल' नावाचा व्ह्यू असतो. त्यात प्रत्येक चालू कनेक्शनची एक ओळ दिसते: एनक्रिप्टेड आहे की नाही, असेल तर टीएलएसची आवृत्ती कोणती. सक्ती करण्याआधी हा बघितलात तर कोणता क्लायंट बंद पडणार हे आधीच कळेल. मी हे न बघताच नियम बदलला आणि ऐन पगाराच्या दिवशी शेडमधला लॅपटॉप बंद! ड्रायव्हर नवा करून, कनेक्शनचं सेटिंग बदलेपर्यंत पगार वहीवर लिहून वाटला.

नंतर मुद्दाम 'डिसेबल' ठेवूनही जोडून बघा. सर्व्हरने नाकारलं, तर तुमची सक्ती खरी.

हे विसरू नका

• सर्टिफिकेटची मुदत संपली की ओळख तपासणारे क्लायंट जोडणं थांबवतात. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.
• टीएलएस फक्त वाटेतला डेटा सांभाळतं. डिस्क आणि बॅकअपची काळजी वेगळी घ्यावी लागते.
• 5432 हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.
• मोबाइल ॲपमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कधीच ठेवू नका. ॲपने एपीआयशी बोलावं आणि एपीआयने डेटाबेसशी.

फोन वापरणाऱ्यांनी हे का वाचायचं?

कारण ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची सूचना येते आणि आपण 'तरीही पुढे जा' दाबतो, तेव्हा आपण तिसरी पायरी स्वतःच्या हाताने बंद करतो. आणि उद्या तुम्ही दुकानासाठी, क्लाससाठी एखादं ॲप बनवाल, तेव्हा दुसऱ्यांचा डेटा तुमच्या हातात असेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. ज्यांचे खाते नंबर उघडे फिरत होते, त्यांनी ते माझ्या प्रोग्रॅममध्ये विश्वासाने लिहू दिले होते. आता वायरशार्क लावलं की तिथे नुसती न कळणारी अक्षरं दिसतात. मामांना ते दाखवलं, तर म्हणाले, "मला काईच वाचता येत नाही." म्हटलं, "तेच तर पाहिजे होतं, मामा!"