झोताची दिशा : पेशीनाशक औषधे आणि ती तयार करणारे कर्मचारी

कर्करोगावरील रासायनिक उपचारांचे मूळ युद्धातील विषारी वायूत आहे. मस्टर्ड वायूची बाधा झालेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, हे पहिल्या महायुद्धानंतर नोंदले गेले होते; १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकाराने त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या रुग्णाला देण्यात आले, आणि युद्धकालीन गुप्ततेमुळे त्या प्रयोगांचे निष्कर्ष १९४६ मध्ये उजेडात आले. अशा द्रव्यांना पेशीनाशक औषधे म्हणतात. ती पुढे रुग्णालयांत नित्याची झाली, पण ती मिसळणाऱ्या, मोजणाऱ्या आणि सुईत भरणाऱ्या माणसांना त्यांपासून काही अपाय होत असेल, हा विचार तीनएक दशके फारसा कोणाच्या मनात आला नाही.

याचे कारण केवळ बेफिकिरी नव्हे. औषधशाळेतील सुरक्षितता म्हणजे औषधाची शुद्धता, अशीच त्या काळची धारणा होती. अमेरिकेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास धूळविरहित खोलीची रचना सिद्ध केल्यावर गाळलेल्या हवेचा संथ, एकसारखा झोत सोडणारी कामाची मेजे रुग्णालयांतही आली. त्यांतील आडव्या झोताच्या मेजात हवा मागच्या गाळणीतून निघून थेट काम करणाऱ्याच्या छातीकडे आणि चेहऱ्याकडे येते. त्यामुळे सलाईनमध्ये जंतू शिरत नाहीत हे खरे, परंतु कुपीतून सुई काढताना उडणारे औषधाचे सूक्ष्म तुषारही त्याच वाटेने माणसापर्यंत पोचतात. औषधाच्या रक्षणासाठी आणलेले साधन ते तयार करणाऱ्याच्या अंगावर विष फुंकत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७९ मध्ये फिनलंडमधील काई फाल्क आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पेशीनाशक औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात उत्परिवर्तक, म्हणजे पेशीतील जनुकांत बदल घडवून आणणारी द्रव्ये आढळतात. त्यासाठी त्यांनी जिवाणूंवर आधारित चाचणी वापरली होती. १९८२ मध्ये ह्यूस्टनमधील संशोधकांनी हाच प्रश्न औषधशाळेत नेला. आडव्या झोतासमोर काम करणाऱ्यांच्या मूत्रात दिसणारा परिणाम, हवा वरून खाली नेऊन आतच कोंडणारे उभ्या झोताचे सुरक्षा कपाट वापरल्यावर नाहीसा झाला. केवळ झोताची दिशा बदलल्याने इतका फरक पडावा, ही त्या संशोधनातील सर्वांत बोलकी बाब होय. १९८५ मध्ये फिनलंडमधील परिचारिकांच्या गर्भपातांचा अशा औषधांच्या संपर्काशी संबंध दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या.

तरीही कपाट पुरेसे ठरले नाही. १९९० च्या दशकात मेज, फरशी आणि दारांच्या मुठी पुसून घेतलेल्या नमुन्यांत सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांचे अंश सापडू लागले. कारखान्यातून आलेल्या कुप्यांच्या बाहेरच्या बाजूवरही ते असतात, हेही नंतर स्पष्ट झाले. म्हणून दुहेरी हातमोजे, औषध बाहेर निसटू न देणारी बंदिस्त जोडणी आणि आतली हवा बाहेर झिरपू नये म्हणून कमी दाबावर ठेवलेली खोली यांवर भर आला. अमेरिकी औषधसंहितेचे हे सारे एकत्र मांडणारे आठशे क्रमांकाचे प्रकरण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुदत पुढे ढकलली जात अखेर १ नोव्हेंबर २०२३ पासून ते त्या संहितेनुसार लागू झाले. फाल्क यांचा शोधनिबंध तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता.