मतपेटीपर्यंतची वाट : जॉर्जियातील खेळाडूंची एक परंपरा

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शक्य तितकी खाली आणावी, अशी मागणी केली. कर आणि मालमत्ता यांवर मत मोजले तर ज्यांना मालमत्ता बाळगूच दिली नाही त्यांच्या हाती काही लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ३१ जानेवारीला, अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या केरो गावी वाट्याने शेती कसणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात जॅकी रॉबिन्सन जन्मले. हा निव्वळ योगायोग होय. पण पुढील हकीकत वाचताना तो आमच्या मनातून जात नाही.

१९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरून रॉबिन्सन यांनी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फोडली, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. १९६२ मध्ये ते काय करत होते, हे क्वचितच सांगितले जाते. त्या वर्षी नैऋत्य जॉर्जियात मतदार नोंदणीच्या सभा भरणारी कृष्णवर्णीयांची छोटी चर्च रात्री जाळण्यात आली. पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० सालीच मताचा हक्क दिला होता. तरीही नोंदणीसाठी जमणे हा गुन्हा ठरत होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विनंतीवरून रॉबिन्सन त्या राखेपाशी गेले आणि चर्च पुन्हा उभारण्यासाठी निधी जमवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. भाषण सोपे असते. पैसा जमवून भिंती उभ्या करणे हे कंटाळवाणे काम. ते त्यांनी केले.

खेळाडू आणि निवडणूक म्हटले की आपल्याला पाळवणकर बाळूही आठवतात. १९३७ मध्ये मुंबईत हा थोर गोलंदाज काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. खेळाडूची कीर्ती कोण कशासाठी वापरतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला जुना आहे.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतील राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची संमती घेणे भाग पाडले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ते बंधन निष्प्रभ केले. जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत अटलांटा परिसरात लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. हक्क कागदावर शाबूत होता. वाट अडली होती.

त्याच महिन्यात लेब्रॉन जेम्स आणि सहकाऱ्यांनी ‘मोअर दॅन अ व्होट’ ही संघटना स्थापली. आम्हाला तिचे मोल वाटते ते तिने नुसते ‘मत द्या’ म्हटले नाही म्हणून. महामारीमुळे मतदान केंद्रांवर काम करणारी वृद्ध माणसे घरी बसली होती. संघटनेने तरुणांना त्या कामासाठी पुढे आणले. अटलांटाचे बास्केटबॉल क्रीडागार मतदान केंद्र झाले. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचे मैदानही, म्हणजे रॉबिन्सन यांच्याच संघाचे, मतदारांसाठी खुले झाले. ऑगस्टमध्ये जेकब ब्लेक यांच्यावरील पोलीस गोळीबारानंतर मिलवॉकी बक्सच्या खेळाडूंनी सामना खेळण्यास नकार दिला. पुन्हा खेळण्याआधी खेळाडूंनी लीगकडून जे पदरात पाडून घेतले, त्यात संघमालकांच्या ताब्यातील क्रीडागारे मतदानासाठी देण्याचा प्रयत्न करण्याचे वचन होते. संपातून जागा मिळवणे, ही मागणी बाबासाहेबांच्या वाचकाला ताबडतोब कळते.

स्त्रियांनी तर अधिक जोखीम घेतली. अटलांटा ड्रीम संघाच्या सहमालक केली लोफ्लर स्वतः सिनेटर होत्या आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ला त्यांचा विरोध होता. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्यांच्याच संघाच्या खेळाडू ‘व्होट वॉर्नॉक’ लिहिलेले सदरे घालून आल्या. राफाएल वॉर्नॉक हे किंग यांच्याच चर्चचे धर्मोपदेशक. ५ जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत ते जिंकले आणि जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. पुढल्याच महिन्यात संघ विकला गेला. नव्या मालकांत रेनी माँटगोमेरी होत्या, ज्या पूर्वी त्याच संघातून खेळल्या होत्या.

मार्च २०२१ मध्ये जॉर्जियाने नवा कायदा केला. मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतील मतदाराला कोणी अन्न वा पाणी देणे त्याने गुन्हा ठरवले. महाडच्या तळ्याशी याची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. पण पाण्यावरील मनाई वाचून आम्ही थबकलो, हे लपवण्यात अर्थ नाही. बेसबॉल लीगने निषेध म्हणून तारांकित सामना अटलांटाहून डेन्व्हरला नेला. त्यामुळे अटलांटाच्याच कष्टकऱ्यांचा रोजगार बुडेल, म्हणून मतदान हक्कासाठी लढणाऱ्या स्टेसी एब्रम्स यांनी नाराजी व्यक्त केली. आम्हालाही तो मार्ग पटला नाही. २०२५ मध्ये सामना अटलांटात परतला.

आमच्यापैकी अनेकांनी व्हिसावरील वर्षे अशी काढली की इथे कर भरायचा, पण मत नाही. आणि भारतात यादीत नाव असले तरी मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर जावे लागते, ज्याला रजा आणि विमानाचे भाडे लागते. ज्यांना इथले नागरिकत्व मिळाले, त्यांनी पहिल्या मतदानाचे स्टिकर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेले आम्ही पाहिले आहेत. आपल्या मंडळाची इथे जन्मलेली काही मुले आता सोळा-सतरा वर्षांची झाली. मत द्यायला त्यांना अवकाश आहे, पण जॉर्जियासह अनेक राज्यांत या वयाचे नागरिक मतदान केंद्रावर काम करू शकतात.