पगाराच्या दिवसाचा सावकार

पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात दोन आज्ञा शेजारी शेजारी आल्या आहेत. गरिबाने गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्ताच्या वेळी त्याला परत करावे, ही पहिली. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, ही दुसरी. कर्ज आणि मजुरी यांचा हा शेजार सहज घडलेला नाही, हे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचताना आम्हांस प्रकर्षाने जाणवले.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गिरणीत लागला, तरी पैसा लगेच त्याच्या हाती येत नसे. पगार महिन्याने होई, आणि तोही बहुधा पुढील महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास. म्हणजे पहिला पगार मिळेपर्यंत सुमारे दीड महिना लोटे. तोवर खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि खाणावळीचा हिशोब कसा भागवायचा? कामावर लावणारा जॉबरच पुष्कळदा पैसे पुढे करी. नाही तर वाणी होता, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभा राहणारा सावकार होता.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आढळली, आणि कर्ज साधारणतः अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा रूढ दर रुपयाला दरमहा एक आणा असा होता. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दहा रुपयांवर वर्षाला त्याचे साडेसात रुपये होतात, म्हणजे शेकडा ७५. मुद्दल तसेच राही आणि माणूस जन्मभर व्याजच भरत राही.

१९२९ साली नेमलेल्या, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय कामगार आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला. आयोगाने केवळ सावकाराच्या लोभाला दोष दिला नाही. कामगाराची पत आणि पगाराची तारीख हेही प्रश्न त्याने हाताळले. कर्जवसुलीसाठी कारखान्याला वेढा घालून बसणे हा गुन्हा ठरवावा, आणि कापडगिरण्यांसारख्या ठिकाणी पगार सोळा दिवसांहून अधिक लांबवू नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

त्यांपैकी काही फळास आल्या. कारखान्याभोवती वसुलीसाठी घुटमळण्यास बंगालमध्ये १९३४ च्या कायद्याने बंदी आली. १९३६ मध्ये प्रामाणिक पण निर्धन ऋणकोस तुरुंगात टाकण्यास आळा बसला. त्याच वर्षीच्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सात तारखेपूर्वी आणि मोठ्या कारखान्यांत दहा तारखेपूर्वी पगार देणे बंधनकारक केले. पुढे मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना, हिशोबवह्या आणि पावत्या सक्तीच्या केल्या, आणि दिलेल्या रकमेहून अधिक रक्कम रोख्यात लिहिण्यास मनाई केली.

या कायद्यांनी काय साधले? पगार लवकर हाती येऊ लागला आणि ऋणकोस न्यायालयात उभे राहण्यास आधार मिळाला. परंतु महिन्याचा पगार महिन्याचाच राहिला. सोळा दिवसांची शिफारस कायद्यात उतरली नाही. बिनपरवान्याची सावकारी चोरवाटांनी चालूच राहिली. घरात आजारी मूल असलेला बाप परवाना विचारीत बसत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबला, तेव्हा पगाराची तारीख ठरविणारा कायदा काय करणार? घरातली भांडी आणि दागिने गहाण पडले.

निर्बंधाने एक दार बंद होते. दुसरे कोणीतरी उघडावे लागते. १९३६ च्या कायद्याने मनमानी वेतनकपात रोखली, पण सहकारी संस्थेचा हप्ता पगारातून कापण्यास वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने कामगारांच्या पतपेढ्यांना बळ मिळाले. आपल्या वसईत तर त्याआधीच, १९१८ साली, मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी उभारलेली सहकारी संस्था कामास लागली होती. तीच आजची बेसीन कॅथॉलिक बँक. गिरणगावात उधारीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका स्वतःच सावकारांच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकांची दारे उघडली. ज्यांच्याकडे तारण ठेवण्यास काही नव्हते, त्या बायका एकमेकींच्या भरवशावर कर्ज फेडू लागल्या.

आता सावकार खिशातील फोनमध्ये आला आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मध्यंतरी रात्री उशिरा दारी आला. पगाराला आठ दिवस असताना त्याने फोनवरून थोडे पैसे घेतले होते, आणि आता वसुलीचे फोन त्याच्या आईला आणि मामांना जात होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा कर्जांवर नियम घातले. सर्व खर्चासह वार्षिक दर आधी सांगावा, पैसे थेट ऋणकोच्या खात्यात द्यावेत, फोनमधील नावांच्या यादीला हात लावू नये, असे ते नियम आहेत. गिरणीच्या दरवाजाला वेढा घालणे आणि नातलगांना फोन करणे यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोन्हींचे बळ लाजेत आहे.

तो तरुण नियम ठाऊक नसल्यामुळे फसला, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याच गावातल्या पतपेढीची पायरी चढण्यास तो लाजला. ही लाज त्याच्या मनात कोणी घातली, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने आणि आम्हां धर्मगुरूंनीही करावा. कामगाराच्या घरी रोजगार घेणारा माणूस येतो तेव्हा त्याची मजुरी आपण त्याच दिवशी देतो का, हा प्रश्नही त्याच विचाराचा भाग आहे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.